मी, वाळूतली नळी

मी वाळूतली नळी बोलतेय. नळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नळाची, नाहीतर गॅसची, काहीतरी सरळ आणि गुळगुळीत वस्तू येत असेल. तसलं काही मनात आणू नका. मी वाकडीतिकडी आहे. बाहेरून खरखरीत, राखाडी, वाळक्या मुळीसारखी. कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच एक फाटा फुटलेला, तोही अर्धवट. पहिल्यांदा बघणारा माणूस मला हातात घेतो, नाक मुरडतो आणि विचारतो, "हे काय काढलंय?" मग तो माझ्या तोंडातून आत डोकावतो आणि पुन्हा एकदा डोकावतो. कारण आतून मी काच आहे. लखलखीत, नितळ काच.

माझा जन्म डोळ्याचं पातं लवायच्या आत झाला. त्याआधी मी नव्हतेच. होती ती नुसती वाळू, जिच्या एका कणाचं दुसऱ्या कणाशी काही देणंघेणं नसतं अशी. नदीच्या वळणावर वाऱ्याने त्या वाळूची टेकाडं रचून ठेवली होती. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं, अंधारलं, वारा एकदम पडला आणि वीज खाली आली.

तिला जमिनीत जायचं होतं. वाळूत जिथे ओल होती तिथून वाट काढत ती आत घुसली. तिच्या वाटेतले कण वितळले, एकमेकांना बिलगले आणि लगेच थिजले. तोवर ती खाली निघूनही गेली होती. तिच्याभोवती जी उरले ती मी.

माझ्या वाट्याला हे असं आलं. मी झाले तेव्हा माझी आई निघून गेलेली होती. मी तिला पाहिलंच नाही. माझ्या पोटातून ही जी पोकळी गेली आहे ना, तेवढ्याच जागेतून ती गेली. तिची माझ्याकडे असलेली खूण तेवढीच. मला अजूनही त्याचं नवल वाटतं. एवढी मोठी, सगळं आभाळ उजळून टाकणारी, आणि माझ्यासारख्या बोटभर रुंदीच्या वाटेने गेली.

मग मी नुसती पडून राहिले. किती काळ ते विचारू नका, वाळूत वर्षं मोजायची सोय नसते. मुंग्यांनी माझ्यात संसार थाटले आणि मोडले. एकदा एका गवताचं मूळ आत आलं, थोडं पुढे सरकलं आणि काही मिळेना म्हणून वाळून गेलं. माझ्यावर वाळू चढायची, उतरायची. शेवटी एका वर्षी वारा जरा जास्तच हात धुऊन मागे लागला आणि माझं तोंड उघडं पडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला माणसं दिसली.

चौघं होती. आई, बाबा, आजोबा आणि एक मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी उभी राहिलेली मी तरी फारशी पाहिलेली नाही, त्यामुळे नाव कुणी ठेवलं असेल ते असो, बरोबर ठेवलं. आईला कामावरून सुट्टी मिळाली की हे चौघं नदीकाठी फिरायला येत. आईची सुट्टी कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून ती आली की सगळी कामं तशीच टाकून निघत.

त्यांच्या फिरण्याला एक नियम होता. चालता चालता प्रत्येकाने एकच वस्तू उचलायची. परत निघायच्या आधी नदीच्या बांधावर बसायचं, वस्तू मध्ये ठेवायच्या आणि ओळखायच्या. जी कुणालाच ओळखता येणार नाही ती जिंकली. ती घरी न्यायची, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. आणि पुढे कधी ती ओळखता आली, की पुढच्या फेरीला होती तिथे परत नेऊन ठेवायची. त्या खिडकीत राहायला जागा होती ती फक्त न उमगलेल्या वस्तूंना. हा नियम आजोबांनी घातला होता आणि ते त्यात तसूभरही सूट देत नसत.

त्या दिवशी बाबांनी नेहमीप्रमाणे बी उचललं होतं. बाबा घरीच शिवणकाम करत, त्यामुळे त्यांना कुठेही बटणासारखं गोल काही दिसलं की हात आवरत नसे. आजोबांना फुटक्या बाटलीचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा मिळाला होता. आईने काहीच उचललं नव्हतं, ती आभाळ बघत चालली होती. आणि भिंगरी टेकाडावरून घसरत आली ती थेट माझ्यापाशी थांबली.

"बाबा, इथं जमिनीला तोंड आहे," ती म्हणाली.

बाबांनी वाकून पाहिलं आणि मला धरून ओढलं. आई लांबून म्हणाली, "हळू रे, हळू." पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मी मध्येच तुटले. माझा खालचा, जास्त लांब भाग अजून तिथेच आहे. बाबांना वाईट वाटलं, त्यांनी थोडं उकरूनही पाहिलं, पण खड्डा बुजत राहिला.

बांधावर मी सगळ्यांच्या मधोमध ठेवली गेले. बाबा म्हणाले, "मुळी आहे. वाळलेली." भिंगरी म्हणाली, "मुळीला आतून काच असते का?" बाबांनी लगेच शस्त्रं खाली ठेवली. मग आजोबांनी मला उचललं.

आजोबांबद्दल सांगायला हवं. त्यांची उभी हयात काचेच्या कारखान्यात गेली होती. लांब लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचा आणि त्याची बाटली करायची, हे त्यांचं काम. त्यांच्या तळहातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या आणि फुंकून फुंकून गाल सैल पडले होते. काच म्हटलं की त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला खाली ठेवलं.

"भट्टीतला कचरा," ते म्हणाले. "भट्टी साफ करताना असली गबाळं निघतात. कुणीतरी आणून टाकलाय."

"इथं कुठंय भट्टी?" भिंगरीने विचारलं.

"नसेल. पण काच आहे ना? मग भट्टी असणारच. काच काय झाडाला लागते?"

मला एवढा राग आला होता की काय सांगू. कचरा! माझ्या आईला त्यांची भट्टी म्हणजे पणतीसुद्धा वाटली नसती. पण मी बोलणार कशी?

भिंगरीने मला आईपुढे धरलं. "आई, तू सांग."

आईने मला उजेडात फिरवलं. आत पाहिलं. तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि मग टेकाडाकडे बघितलं, मी जिथून निघाले त्या जागेकडे. तिचा चेहरा क्षणभर बदलला. मग ती म्हणाली, "मला नाही सांगता येणार."

बाकीच्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. "मला माहीत नाही" असं ती म्हणाली नव्हती.

आजोबा म्हणत होते की ही वस्तू ओळखली गेली आहे, हिला घरी न्यायचं कारण नाही. भिंगरी म्हणत होती की आजोबांनी ओळखलेलीच नाही, नुसतं ठोकून दिलंय. शेवटी बाबा मध्ये पडले आणि वाद मिटेपर्यंत मला घरी न्यायचं ठरलं. भिंगरीने मला फ्रॉकच्या घेरात गुंडाळून नेलं. वाटेतच तिने माझं नाव नळूताई ठेवून टाकलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत माझ्याआधी आलेली मंडळी होती. मधोमध आरपार भोक असलेला एक दगड. हलवला की आत काहीतरी वाजणारा, पण कुठूनही न उघडणारा एक गोळा. केसांत गुंडाळलेल्या बारीक हाडांची एक पुरचुंडी, जिच्याजवळ जेवताना बाबा बसत नसत. आम्ही सगळे एका रांगेत, आणि खिडकीतून बाहेर घराचं मागचं अंगण, कुंपणाची भिंत आणि तिच्यावर आभाळाचा मोठा तुकडा. आत बाबांचं शिलाई मशीन. दाराशी आईचे जाड तळव्याचे बूट, त्यांच्यावर खुंटीला तिचं पिवळं हेल्मेट, कमरेचा रुंद पट्टा आणि कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे.

आई विजेच्या तारांवर काम करत असे. तार तुटली, खांब कलला, कुठे झाड पडलं, की ती आणि तिच्याबरोबरची माणसं जाऊन ते नीट करायची. हे काम ती आवडीने करत असे, ते तिच्या बूट घालण्यावरूनसुद्धा कळायचं. एकदाही बसून घातले नाहीत. उभ्या उभ्या, भिंतीला हात लावून, आणि निघाली.

घरात एकच गोष्ट सगळ्यांच्या जिवाला लागलेली होती. भिंगरीला विजांची भीती वाटे. साधीसुधी नाही. आभाळ गडगडलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, ती पलंगाखाली जाऊन बसायची आणि कुणी काही केल्या बाहेर यायची नाही. दिवसभर घर डोक्यावर घेणारी ती पोर तेव्हा हूं की चूं करत नसे.

मी आल्यावर पहिलं वादळ आलं तेव्हा ते मी पाहिलं. संध्याकाळची वेळ. लांबवर गडगडलं आणि पाठोपाठ आईचा फोन वाजला. आई म्हणाली, "हो, निघतेच." बूट, पट्टा, हेल्मेट. भिंगरीने खिडकीतून मला उचललं आणि पलंगाखाली गेली.

मग घरच्यांची धावपळ सुरू झाली. बाबांनी तिच्या कानात कापूस घातला. आजोबा मोठमोठ्याने कारखान्यातल्या गमती सांगू लागले. तरी गडगडाट ऐकू येतोच म्हणून बाबा मशीनवर बसले आणि कापड न घालताच मशीन चालवायला लागले. खाली कापड नाही, सुईत दोरा नाही, आणि बाबा जीव तोडून पाय मारताहेत. आभाळाचा आवाज मशीनच्या आवाजात बुडवायचा असा त्यांचा बेत होता. हे ते प्रत्येक वादळात करत. मला आधी हसू आलं आणि मग गलबलून आलं. लेकीसाठी माणूस काय काय करतो.

पलंगाखाली भिंगरीने माझं तोंड आपल्या ओठांशी धरलं आणि माझ्या आत कुजबुजली, "आईला लागू देऊ नकोस. आईला लागू देऊ नकोस."

तेव्हा मला कळलं. ती आवाजाला घाबरतच नव्हती. वीज चमकली की आई घराबाहेर पडते, आणि वीज असते तिथेच जाते, एवढंच तिला दिसत होतं. एवढ्याशा डोक्यात तिने चित्र तयार केलं होतं: आभाळ कडाडतंय आणि आई उंच खांबावर एकटी चढली आहे. आणि त्या विजेपासून आईला वाचव असं ती कुणाला सांगत होती? मला. विजेच्या लेकीला. माझ्या पोटातून तिचा श्वास जात होता, ज्या वाटेने माझी आई गेली त्याच वाटेने. मला बोलता आलं असतं तर मी काय बोलले असते, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी शाळेत असताना आई आणि बाबा स्वयंपाकघरात बसले होते. मी खिडकीत होते.

"काल फार घाबरली होती," बाबा म्हणाले. "दर वेळी वाढतच चाललंय."

"मी ऑफिसातलं काम मागून घेते," आई म्हणाली. "साहेब देतील. निदान वादळात घरी तरी असेन तिच्याजवळ."

"तुला जमेल का टेबलाशी बसून?"

आईने कप उचलून सिंकमध्ये ठेवला. "न जमायला काय झालं?" ती म्हणाली. "महिनाअखेरीपर्यंत बघते. मग सांगून टाकते." आणि रिकामा कप बराच वेळ धूत राहिली.

म्हणजे गंमत बघा. पोरीला एक गोष्ट वाटत होती, घरच्यांना दुसरीच, आणि त्यापायी आई आपलं जिवाभावाचं काम सोडायला निघाली होती. कुणी वाईट नव्हतं, कुणी खोटं बोलत नव्हतं. फक्त भिंगरीला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तू नेमकी कशाला घाबरतेस? सगळं ऐकलेली एकटी मी, आणि मला तोंड असून जीभ नाही.

महिना संपत आला तेव्हा पुन्हा आभाळ दाटून आलं. आईला त्या दिवशी दुपारीच बोलावणं आलं होतं, ती गेली होती. संध्याकाळ व्हायच्या आधीच दिवे गेले. बाबा मेणबत्ती शोधत होते. आजोबांना काही सुचेना म्हणून ते खिडकीशी येऊन उभे राहिले आणि सहज त्यांनी मला उचललं. माझ्यात वाळू अडकली होती, ती ते नखाने काढू लागले. दिवा नव्हता, त्यामुळे ते मला डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघत होते. त्यांचा अंगठा माझ्या आत गेला. मग बाहेरून फिरला. पुन्हा आत.

"उलटं आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

बाबांनी विचारलं, "काय?"

"उलटं आहे हे सगळं. भट्टीतलं गबाळ बाहेरच्या अंगानं वितळतं, आच बाहेरून लागते त्याला. ही आतून वितळलीय. बाहेर बघ, वाळू अजून कच्ची आहे, हाताला टोचते. म्हणजे जाळ आतून आला. या भोकातून." त्यांनी अंगठा पुन्हा माझ्या आत घातला. "आणि आला तसा गेला. थोडा जरी रेंगाळला असता तर ही सगळी वितळून गोळा झाली असती. अरे, आमची भट्टी पेटवली की काच पातळ व्हायला अख्खी रात्र जायची. कोळशाचे ढीग जळायचे. आणि हे एका फुंकरीत? एवढी फुंकर कुणाची?"

बाहेर लख्ख उजेड पडला. आजोबांनी खिडकीतून वर पाहिलं. जन्मभर काच फुंकलेला तो म्हातारा तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघत राहिला. "विजेनं केलंय हे," ते म्हणाले. "विजेनं वाळूत काच फुंकलीय."

मला वाटलं, या घटकेला मला सगळं मिळालं. मला कुणीतरी ओळखलं होतं.

पण भिंगरी त्यांच्या मागे उभी होती. ती मला न्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तिने आजोबांच्या हातातून मला ओढून घेतलं. मागचं दार उघडलं, पावसात अंगण ओलांडलं आणि मला कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. "तुझीच ना ती?" ती मला म्हणाली. "जा तिच्याकडे. आणि सांग तिला, माझ्या आईला हात लावू नकोस."

आजोबा आणि बाबा धावत आले. बाबांनी तिला उचलून आत नेलं. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"कापूस कुठाय? कापूस आण आधी," आजोबा म्हणत होते.

"नको कापूस," भिंगरी रडत म्हणाली. "आवाजाला कोण घाबरतं?"



"मग कशाला घाबरतेस?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न घरात पहिल्यांदाच विचारला गेला होता.

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, पाऊस वाढला. पण त्या संध्याकाळी मशीनचा आवाज आला नाही एवढं खरं.

मी भिंतीवर पडून होते. वर आभाळ फाटत होतं आणि मी मात्र तोंडघशी, विटांकडे बघत. माझी आई एवढ्या जवळ आलेली असून मला दिसली नाही. पोरीचा राग मला आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

सकाळी आई परतली. चिखलाने माखलेली, डोळे लाल. मागच्या फाटकातून आत येताना तिला मी दिसले. तिने मला उचललं, बाहीने पुसलं आणि तशीच बुटांसकट स्वयंपाकघरात आली. बाबांनी तिला सगळं सांगितलं. आई ऐकत ऐकत खाली जमिनीवरच बसली. मग तिने भिंगरीला हाक मारली.

"वीज कडकडत असताना मी खांबावर चढते असं वाटतं तुला?"

भिंगरीने मान डोलावली.

"अगं, तेव्हा आम्ही खांबाला हातसुद्धा लावत नाही. कडक नियम आहे तसा."

"मग काय करता?"

"गाडीत बसतो. काचा वर करून."

"नुसतं?"

"नुसतं कसं? शेंगदाणे खातो. ड्रायव्हरकाका घोरतात. आभाळ मोकळं झालं की मग उतरायचं."

"मग फोन आला की एवढी धावत का सुटतेस?"

"लांब असतं गं. आभाळ मोकळं होईल तेव्हा आपण तिथं पोचलेलो पाहिजे, म्हणून."

आई उंच खांबावरून उतरून गाडीत बसायला भिंगरीच्या डोक्यात थोडा वेळ लागला असणार. मग आईने मला दोघींच्या मध्ये उभं धरलं.

"आणि हे बघ. विजेला कुणाला मारायचं नसतं, तिला फक्त जमिनीत जायचं असतं. सोपी वाट मिळाली की ती तिथूनच जाते. चढायच्या आधी आम्ही तारेला एक जाड वायर अडकवतो आणि तिचं दुसरं टोक जमिनीत घातलेल्या सळईला जोडतो. कुठून वीज आलीच, तर ती वायरमधून खाली जाते. माझ्याकडं येत नाही. तिला आधी वाट करून द्यायची आणि मग कामाला लागायचं. ही तुझी नळूताई म्हणजे तशीच वाट आहे. वीज इथून गेली."

भिंगरीने माझ्या आत बोट घातलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. तारांच्या कामात एकदा असा तुकडा पाहिला होता मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू घाबरशील म्हणून."

"तुम्ही मला काही विचारतच नाही," भिंगरी म्हणाली, आणि घरातली तिन्ही मोठी माणसं खाली बघायला लागली.

मग ती माझ्यावर झुकली. "तू भाजलीस का गं तेव्हा?" तिने मला विचारलं. मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं.

त्याच बैठकीत आईने तिला ऑफिसातल्या कामाचं सांगितलं. भिंगरीने विचारलं, "तिथं गाडीत बसायला मिळतं?"

"नाही."

"मग कशाला जातेस?"

आई हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. ऑफिसचा विषय त्यानंतर घरात निघालेला मी ऐकलेला नाही.

राहिला माझा प्रश्न. नियमाप्रमाणे मला परत नदीकाठी जायला हवं होतं, कारण मी ओळखली गेले होते. पुढच्या सुट्टीला भिंगरीने स्वतःच, तोंड पाडून, मला आजोबांपुढे ठेवलं. आजोबांनी मला हातात घेतलं.

"कुणी केलं ते कळलं," ते म्हणाले. "कसं केलं ते मला इतकी वर्षं भट्टीपुढं काढूनही कळत नाही. म्हणजे ओळखलं म्हणता येणार नाही. ठेव खिडकीत." एवढं बोलून ते चपला घालायला निघून गेले. त्यांनी कधी कुणाला न दिलेली ती तसूभर सूट मला मिळाली, एवढंच म्हणेन.

तेव्हापासून मी इथेच आहे. आजोबा रोज सकाळी चहा घेऊन खिडकीशी येतात, मला उचलतात, उजेडात फिरवतात आणि मान हलवत परत ठेवतात. मला वाटतं, ते मला नमस्कार करतात. तुम्हाला एक सांगून ठेवते. कधी वाळूत फिरताना जमिनीला तोंड दिसलं, तर ओढू नका. हाताने हळूहळू वाळू बाजूला करा. आपल्याला कळत नाही ते कचरा असेल असं लगेच म्हणू नका. माझा अर्धा भाग अजून तिथे आहे, आणि मला त्याची फार आठवण येते.

काल दुपारी पुन्हा गडगडलं. आईचा फोन वाजला. बूट, पट्टा, हेल्मेट. बाबा सवयीने मशीनकडे गेले आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले. भिंगरी पलंगाखाली गेली नाही. तिने स्टूल ओढून खिडकीशी लावलं, वर चढली आणि मला हातात घेऊन माझं तोंड आभाळाकडे केलं. तिचे हात गार पडले होते, पण ते मागे आले नाहीत.

आणि मी माझ्या आईला पाहिलं.

काय सांगू तुम्हाला? आभाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती उभी होती. तिला फाटे होते, माझ्यासारखेच वाकडेतिकडे. एवढ्या काळात मला पहिल्यांदा कळलं की मी अशी का दिसते. मग ती गेली, आणि पुन्हा आली, आणि गेली.

"बघ, नळूताई," भिंगरी माझ्या कानाशी म्हणाली, मला कान नसतानाही. "तुझीही आई बाहेर आहे आणि माझीही. दोघी कामाला गेल्यात. येतील."

माझी आई परत येणाऱ्यांतली नाही, हे मी तिला सांगितलं नाही. आम्ही दोघी बघत राहिलो. पाऊस ओसरला, उन्हं कलली, आणि फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला तशी भिंगरी स्टुलावरून उडी मारून धावली. पण धावण्याआधी तिने मला खिडकीत नीट ठेवलं, तोंड आभाळाकडे करून.